शिकार कुणाची, ओझे कुणाचे

शिकारीची जुनी छायाचित्रे पाहिली तर बहुतेक एकाच साच्याची दिसतात. बंदूकवाला मधोमध उभा, एक पाय जनावरावर, मागे हाकाऱ्यांची रांग. ते जनावर पुढे कशात भरून, कुणाच्या पाठीवरून गावात आले हे त्यात दिसत नाही. शिकारीचा इतिहास लिहिणारेही बहुधा तिथेच थांबले. आम्हाला लिहायचे आहे ते त्या पिशवीबद्दल.

अबुल फजलचे काही काळ जालन्यात वास्तव्य होते, असे सांगितले जाते. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त चित्त्यांकडून करवलेल्या शिकारीचे सविस्तर वर्णन आहे. एका चित्त्याने घळ ओलांडून हरीण धरले, तेव्हा अकबराने त्याला चित्त्यांचा सरदार केले आणि त्याच्यापुढे नगारा वाजवण्याचा हुकूम दिला. हरीण वाहून नेणाऱ्याचे नाव त्या गोष्टीत नाही. पुढे १८२७ मध्ये जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी बसली, ती १९०३ पर्यंत टिकली. साहेबांच्या शिकारीच्या नादाने एक काम मात्र चांगले झाले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ वाघाच्या मागे गेला आणि अजिंठ्याची लेणी जगाला नव्याने कळली. भोकरदनकडे उतरणारी डोंगररांग तीच.

आता ओझ्याचा हिशेब. काळविटाचा नर पस्तीस-चाळीस किलोचा. त्याचे पाय बांधून, काठी घालून दोघे जण खांद्यावर आणू शकतात. रोहीचा नर दोनशे किलोंच्या घरात जातो, तो जागेवरच कापावा लागे. पण सुरीच्या आधी ‘बिस्मिल्लाह’. सधवलेल्या जनावराने धरलेल्या शिकारीवर अल्लाहचे नाव घ्या, असे सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. बंदूक आल्यावर प्रश्न अवघड झाला. गोळीला धार नसते, ती धक्क्याने मारते, म्हणून जिवंत सापडलेले जनावर जबह केल्याशिवाय हलाल नाही, असे बहुतेक हनफी उलेमांचे मत. म्हणजे शिकाऱ्याच्या सामानात बंदुकीइतकीच सुरी महत्त्वाची, आणि ती सुरी घेऊन धावणारा माणूसही.

मग भरायचे कशात? चामड्याची पखाल पाण्याला उत्तम, पण ऊन गोश्त तिच्यात कोंडले की लवकर नासते. गोणपाटातून हवा खेळते, मात्र रक्त झिरपते, म्हणून आत पळसाची पाने घालायची. बैलाच्या किंवा तट्टाच्या पाठीवर खुर्जी सोयीची. तिचे दोन्ही कप्पे सारखे भरावे लागतात, नाहीतर सगळे ओझे एका अंगाला घसरते. ज्याच्याकडे ना बैल ना तट्टू, त्याला कावड किंवा खांद्यावरची झोळी. सर्वांत शहाणा उपाय पिशवीचा नव्हताच. गोश्ताच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून उन्हात वाळवायच्या. मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते, ते गेले की पाठीवरचा भार आपोआप उतरतो. मराठवाड्यात चान्या म्हणतात त्या याच. बकरी ईदनंतर आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळणारे गोश्त त्याच हिशेबाचे आहे.

हे ज्ञान नवाबांचे नव्हते. फासे लावणाऱ्या पारध्यांचे होते, खाटकांचे होते, हाक्याला गेलेल्या गावकुसाबाहेरच्या माणसांचे होते. पारध्यांना या ज्ञानाचे बक्षीस काय मिळाले? ब्रिटिश मुलखात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्याची झोळी दिसली की आत काय आहे हा प्रश्न आजही आधी पोलिसांनाच पडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली, आणि आमच्या मते ते बरेच झाले. नाहीतर आमच्या मुलांना काळवीट चित्रातच दाखवावे लागले असते.

शिकार गेली, पिशवीवरचा संशय गेला नाही. आता तो साध्या बाजारहाटापर्यंत आला आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचे मांस बाळगणेही गुन्हा ठरवणारे त्यातले कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, हे कलमही त्याच निकालात गेले. हत्याबंदी कायम राहिली. तरी रस्त्यात कुणी अडवले की थैली आधी उघडावी लागते, आणि त्यात बकऱ्याचे गोश्त आहे हे आम्हालाच पटवून द्यावे लागते.