मैल मोजणाऱ्यांची बखर

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा. गणपती असो, कोजागिरी असो की दिवाळी फराळ, "कसे आहात?" नंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "मग, तिकिटं काढली का?" आणि तिसरा, थोडा आवाज खाली आणून, "पैशावर की माइल्सवर?"

या वर्षी संपादकांनी "इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मॅक्स म्युलर किंवा पेशवाई असावी. पण गेली पंचवीसेक वर्षं मी फ्रँकफर्टजवळ राहते, आणि आपल्या घराघरांतून ज्याचा हिशोब चालतो त्याचा इतिहास कुणीच लिहीत नाही. म्हणून म्हटलं, माइल्स आणि पॉइंट्सची ही बखर आपणच लिहून टाकावी. बखर म्हटल्यावर थोडं घरचंही त्यात येणार, ते समजून घ्या!

सुरुवात मात्र विमानाच्या आधीपासून करायला हवी. 'युगान्त'च्या लेखिका इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला पीएच.डी.साठी आल्या. सासरे महर्षी कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता. त्यांनी जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं, बोटीने युरोप गाठलं आणि १९३० साली पदवी घेऊन परत गेल्या. मधल्या काळात घरी एक चक्कर टाकून येण्याची सोयच नव्हती. घर सोडलं म्हणजे सोडलं.

८ जून १९४८ ला एअर-इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, ३५ प्रवासी घेऊन. अंतर कमी झालं, पण भाडं नाही. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेत ठरत आणि सगळ्यांची जवळपास सारखीच असत. मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? मंडळातले सत्तरच्या दशकात इथे आलेले एक आजोबा सांगतात, "आम्ही एरोफ्लोटने मॉस्कोमार्गे जायचो. मॉस्कोच्या विमानतळावर बारा बारा तास बसायचं. थंडी, काळा ब्रेड, आणि बायकोने दिलेला चिवडा." दुसरा मार्ग होता 'ग्राउमार्क्ट'चा, म्हणजे करड्या बाजारातल्या तिकिटांचा. कंपन्या उरलेल्या जागा मागच्या दाराने एजंटांना स्वस्तात देत आणि रेल्वे स्टेशनाजवळच्या एखाद्या खोलीवजा ऑफिसात रोख पैसे मोजून ते तिकीट मिळे.

म्हणजे रिकाम्या जागेचा प्रश्न जुनाच आहे. संध्याकाळी भाजीवाली उरलेल्या जुड्या निम्म्या भावात देते, कारण उद्या त्या कोमेजणार. विमानातली रिकामी खुर्ची त्याहून नाशवंत! दार बंद झालं की तिची किंमत शून्य. माइल्सची सगळी कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे. जी खुर्ची तशीही रिकामी जाणार, ती बक्षीस म्हणून द्या आणि त्या बदल्यात गिऱ्हाईक बांधून घ्या.

गिऱ्हाईक बांधण्याची युक्ती मात्र वाण्याच्या दुकानातून आली. अमेरिकेत १८९६ पासून 'ग्रीन स्टॅम्प्स' होते. सामान घेतलं की दुकानदार तिकिटं द्यायचा, ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू न्यायची. जर्मनीतही 'राबाटमार्केन' होते. आमच्या शेजारच्या जर्मन आजींनी तसली एक अर्धी भरलेली वही मला दाखवली होती. आईने चिकटवलेली तिकिटं त्यांनी किती जपून ठेवली होती! पण जर्मन सरकारला असल्या आमिषांचा संशय. १९३३ च्या 'राबाटगेझेट्स'नुसार रोख खरेदीवर तीन टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायला बंदी होती. हा कायदा तब्बल जुलै २००१ पर्यंत टिकला. आपल्याकडे दोन मेथीच्या जुड्या घेतल्यावर कोथिंबीर फुकट मागणाऱ्या माणसाला हे ऐकून घेरीच यायची!

विमानांच्या बाबतीत खरी क्रांती अमेरिकेत झाली. १९७८ साली तिथे भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांची मारामारी सुरू झाली. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' योजना आणली. नेहमीचे प्रवासी कोण हे शोधायला त्यांनी आरक्षणाच्या कॉम्प्युटरमध्ये वारंवार येणारे फोन नंबर काढले. आठवड्याभरातच युनायटेडनेही आपली योजना जाहीर केली. १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलांनी तोच धडा गिरवला. १९८७ साली क्रेडिट कार्डावर माइल्स मिळू लागले. त्यानंतर माइल्स मिळवायला विमानात बसण्याचीही गरज उरली नाही.

जर्मनीत लुफ्तान्साचं 'माइल्स अँड मोअर' १९९३ साली सुरू झालं. १४ मे १९९७ ला लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि एसएएस या पाच कंपन्यांनी आपल्या फ्रँकफर्टमध्येच 'स्टार अलायन्स'ची घोषणा केली. एका कंपनीचे माइल्स दुसरीच्या विमानात चालू लागले. जुलै २०१४ मध्ये एअर इंडियाही त्यात आली आणि महाराजाच्या विमानाचे माइल्स लुफ्तान्साच्या खात्यात जमा होऊ लागले.

आता जर्मनी म्हटल्यावर कायदा आणि कर आलाच. बक्षीस मिळालं म्हणजे ते उत्पन्न का? १९९७ पासून कंपनीने ठोक दराने कर भरला तर प्रवाशाला वेगळा भरावा लागत नाही, अशी तरतूद झाली. तो दर सध्या २.२५ टक्के आहे, आणि वर्षाला १,०८० युरोपर्यंतची बक्षिसं तशीही करमुक्त. विनोदाने त्या तरतुदीला 'लेक्स लुफ्तान्सा' म्हणतात.

पण खरी खळबळ उडाली ती २००२ च्या उन्हाळ्यात. सरकारी कामासाठी केलेल्या प्रवासाचे माइल्स काही खासदारांनी खासगी प्रवासाला वापरल्याचं 'बिल्ड' या वर्तमानपत्राने छापलं. ग्रेगोर गीझी यांनी ३१ जुलैला बर्लिनच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ग्रीन पक्षाचे चेम ओझ्देमिर यांनाही, दुसऱ्या एका कर्जप्रकरणाबरोबर, हे भोवलं आणि त्यांनी पद सोडलं. (पुढे २०२१ साली ते देशाचे कृषिमंत्री झाले, तो भाग वेगळा.) आम्ही तेव्हा या देशात नवे होतो. काही माइल्ससाठी मंत्री घरी जातो, हे पाहून माझ्या वडिलांनी फोनवर विचारलं होतं, "खरं सांगतेस का?"

प्रश्न मात्र साधा नव्हता. तिकीट कंपनीचं, पण रात्रभर अवघडून बसणारी पाठ कुणाची? ११ एप्रिल २००६ ला एर्फुर्टच्या संघीय कामगार न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीच्या खर्चाने मिळालेले माइल्स कंपनीचे आणि तिने मागितले तर कर्मचाऱ्याने ते तिच्यासाठी वापरले पाहिजेत. बऱ्याच कंपन्या मागत नाहीत, हे आपलं नशीब. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसनेही मागितले नाहीत.

आमची गोष्ट इथूनच सुरू होते. आम्ही २००१ साली 'ग्रीन कार्ड'वर आलो. २००० सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीने कॉम्प्युटरवाल्यांसाठी जी योजना काढली, तीच ती. त्याच्या आधी, मार्च २००० मध्ये, 'पेबॅक' कार्ड सुरू झालं होतं, आणि लेकीचे डायपर 'डेएम'मधून घ्यायचे आणि पॉइंट्स माइल्समध्ये बदलायचे, हा माझा उद्योग झाला. नवरा हसायचा, "डायपरवर बसून मुंबईला जाणार का?"

पहिल्या खेपेला फजिती माझीच झाली. माइल्स साठवले, साठवले, आणि ३६ महिन्यांनी त्यातले बरेचसे मुदत संपून गेले. नियम छापलेला होता, पत्रही आलं होतं. न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं ते मीच. त्या दिवशी एक गोष्ट शिकले. माइल्स म्हणजे लोणचं नव्हे. ते मुरत नाहीत, नासतात.

दुसऱ्या खेपेला नीट वही घातली. ही माझी एक प्रकारची भिशीच होती म्हणा ना. उन्हाळ्यात सगळ्यांनी माइल्सवर जायचं ठरलं होतं. आणि फेब्रुवारी २०१० मध्ये रात्री दोन वाजता साताऱ्याहून भावाचा फोन आला. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला तो फोन कधी ना कधी येतो. "ताई, बाबांना ॲडमिट केलंय. तू निघच."

दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचं भाडं आमच्या दोन महिन्यांच्या घरभाड्याइतकं होतं. आम्ही नुकतंच घरासाठी कर्ज काढलेलं, खात्यात फारसं काही नाही. नवऱ्याने माझी वही काढली आणि हॉटलाइनला फोन लावला. त्या काळी बक्षिसाच्या तिकिटाचा तक्ता ठरलेला असायचा. सहा महिने आधी काढा की आदल्या दिवशी, जागा असेल तर माइल्स तेवढेच. एक जागा होती. कर आणि इंधनाचा अधिभार तेवढा भरला आणि संध्याकाळी मी विमानात बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याला पोचले. बाबा शुद्धीवर होते. म्हणाले, "एवढ्या लवकर? पैसे कुठून आणलेस?" मी म्हटलं, "बाबा, फुकट आले." व्यापाऱ्यांच्या फुकटावर त्यांचा कधी विश्वास नव्हता, पण त्या दिवशी हसले. पुढे तीन दिवस आम्हाला मिळाले.

दोन वर्षांनी आई पहिल्यांदा एकटी जर्मनीला आली. गुडघे दुखतात म्हणून उरलेल्या माइल्सवर तिचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. फ्रँकफर्टला उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न, "अगं, एवढी रुंद खुर्ची! कुणा साहेबाच्या जागेवर नाही ना बसवलं मला?" मग हॉटेलच्या पॉइंट्सवर तिला दोन रात्री व्हिएन्ना दाखवलं. तिथल्या नाश्त्याचं कौतुक साताऱ्यात अजून चालतं.

इथपर्यंत बखर गोड आहे. पुढचा भाग जरा कडू. माइल्स हे चलन आहे, पण छापणारी टांकसाळ आणि दर ठरवणारी पेढी एकच! १५ ऑगस्ट २०१७ ला एअर बर्लिनने दिवाळखोरी जाहीर केली आणि दहा दिवसांनी तिच्या 'टॉपबोनस' योजनेनेही. लोकांचे साठवलेले माइल्स कागदावरच राहिले. १७ एप्रिल २०१९ ला आपली जेट एअरवेज जमिनीवर आली. तिची योजना वेगळी कंपनी असल्यामुळे नाव बदलून तगली, पण जेटच नसेल तर माइल्स न्यायचे कुठे?

उलटी गंमत २०२० साली झाली. करोनात विमानं उभी होती तेव्हा युनायटेडने आपली माइल्सची योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. विमानांपेक्षा माइल्सच जास्त किमती ठरले! अमेरिकेतले आपले भाऊबंद कार्डावर लाखांनी माइल्स कमावतात आणि आपल्याला चिडवतात. त्याचंही कारण आहे. दुकानदाराकडून कार्डाच्या बँकेला मिळणाऱ्या शुल्कावर युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. तिकडची बँक त्या शुल्कातूनच माइल्स वाटते. इकडे वाटायला उरतच नाही.

लुफ्तान्सा गटात २०१८ पासून माइल्स अंतरावर नव्हे, तर तिकिटाच्या किमतीवर मिळू लागले. आणि जून २०२५ पासून त्यांच्या विमानांवरचा बक्षिसाचा ठरलेला तक्ताही गेला. आता रोख भाडं चढलं की माइल्सही चढतात. आदल्या दिवशीच्या खुर्चीचा भाव आता आदल्या दिवसाचाच. ज्या तक्त्याने मला साताऱ्याला वेळेत पोचवलं, तो आता त्या विमानांवर इतिहासजमा झाला. म्हणून तर ही बखर लिहावीशी वाटली.

तरीही मी वही बंद केलेली नाही. नव्याने आलेल्या मुलामुलींना एवढंच सांगते. माइल्स एकाच कंपनीत अडकवू नका, फार दिवस धरून ठेवू नका, आणि टोस्टर, सूटकेस असल्या वस्तूंवर उधळू नका. पॉइंट मिळतात म्हणून नको ते विकत घेऊ नका. आणि रात्री दोनच्या फोनसाठी माइल्सवर विसंबू नका. त्यासाठी खरे पैसे बाजूला ठेवा, एका तिकिटापुरते, कायमचे.

इरावतीबाई कर्ज काढून आल्या आणि दोन वर्षांनी परतल्या. आपण डायपर आणि पेट्रोलच्या पावत्यांवर मैल गोळा करून वर्षाला एकदा घरी जाऊन येतो. बाबांना मी "फुकट" म्हटलं, ते खरं नव्हतं. नवऱ्याच्या किती रात्री विमानात गेल्या, त्याचा तो मोबदला होता. पण त्या तीन दिवसांची किंमत कुठल्याच तक्त्यात बसणारी नव्हती.

या दिवाळीला तुमचे माइल्स सत्कारणी लागोत, आणि ज्यांच्यासाठी ते साठवता, ती माणसं विमानतळाच्या दाराशी तुमची वाट पाहत उभी असोत. शुभ दीपावली!