नवले पूल (पुणे)

मुंबई–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर वडगाव बुद्रुक–नऱ्हे परिसरातील पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे येणारा रस्ता आंबेगाव, स्वामीनारायण मंदिर आणि नऱ्हे मागे टाकत पुलापर्यंत उतरत जातो. अपघातांमुळे बदनाम पूल झाला असला, तरी दोष या उताराचा आहे. जड वाहनांनी शहरात शिरू नये म्हणून हा बाह्यवळण मार्ग आखला गेला. पुढे शहरच त्याला भिडले. धायरी आणि आंबेगाव २०१७ मध्ये, नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेत आले. सोसायट्या आणि कॉलेजे या समावेशाच्या आधीच उभी होती. सर्व्हिस रोड मात्र तुटकच राहिला. त्यामुळे भाजी आणायला निघालेली स्कूटर आणि दूरवरून आलेला कंटेनर एकाच लेनमध्ये येतात.

अपघात झाला की ठपका ट्रकचालकावर येतो, आणि तो अगदीच खोटा नसतो. डिझेल वाचवायला काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा अटकाव उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. कोणी इंजिनच बंद केले, तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते. पण यातून ट्रक का थांबला नाही एवढेच कळते. त्याच्यापुढे गाड्यांची रांग का उभी होती, हे कळत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका वाहनाने वीसहून अधिक गाड्या चेपल्या, त्या या रांगेमुळे. त्यानंतर उपाय झाले, तरी १३ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन अवजड वाहनांमध्ये मोटार चिरडून आग लागली आणि आठ जण गेले.

वेगमर्यादा आणखी उतरवा, असे सुचवले जाते. मर्यादा हवीच, पण ती पुलाजवळ तपासून भागत नाही. वरच्या गिअरमध्ये आलेला ट्रक तिथे हळू करायचा, तर तापलेले ब्रेकच पुन्हा दाबावे लागतात. खालचा गिअर बोगद्याच्या तोंडाशीच पडायला हवा, म्हणजे तपासणीची जागाही तीच. रिंग रोड झाला की प्रश्न मिटेल, हा दुसरा युक्तिवाद अर्धाच खरा आहे: लांबचे ट्रक तिकडे वळतील, पण पुण्यातच माल उतरवणारे याच उताराने येतील आणि नऱ्ह्याहून वडगावला जाणारी स्कूटरही इथेच असेल. तिला सलग सर्व्हिस रोड लागतो, आणि त्यासाठी आता बांधकामांनी व्यापलेली जागा मोकळी करून घ्यावी लागते.