किनारा कोणाचा? चित्रकार यूजेन बूदँ (१८२४–१८९८)

१/ समुद्रकिनारा म्हटला की सुटी, मौज आणि मावळता सूर्य हे चित्र आज इतक्या सहजपणे डोळ्यांपुढे येते की ते पूर्वापार असेच असावे असे वाटते. वस्तुतः युरोपात ते जेमतेम अडीचशे वर्षांचे आहे. तत्पूर्वी किनारा ही खलाशी व मच्छीमार यांच्या कामाची जागा होती. इतरांच्या लेखी ती वादळांची आणि बुडालेल्या गलबतांची जागा. कामाचा किनारा मौजेचा होत असताना जो चित्रकार तिथे रंगपेटी घेऊन उभा होता, त्याच्याविषयी हा धागा.

२/ यूजेन बूदँ याचा जन्म १२ जुलै १८२४ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील ओंफ्लर या बंदरात झाला. सेन नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण काठावर हे लहानसे जुने बंदर आहे. समोर उत्तर काठावर ल हाव्र हे मोठे व्यापारी बंदर. वडील खलाशी होते. पुढे ते या दोन बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या आगबोटीवर काम करू लागले. आईही बोटीवरच नोकरी करी. लहानगा यूजेन वडिलांच्या हाताखाली बोटीवर पोऱ्या म्हणून राबला.

३/ हा तपशील महत्त्वाचा आहे. खलाशाच्या घरात आभाळाकडे पाहणे ही हौस नसते. ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत, वारा फिरला का, भरती केव्हा लागेल, यावर दिवसाची मिळकत आणि प्रसंगी जीवही अवलंबून असतो. बूदँच्या चित्रांत पुढे जे आकाश सतत भेटते, त्याची ओळख त्याला या कामातून झाली. कलाशाळा त्याच्या आयुष्यात फार उशिरा आली.

४/ १८३५ मध्ये हे कुटुंब ल हाव्रला स्थलांतरित झाले. शालेय शिक्षण अल्पस्वल्पच झाले. मुलगा आधी छापखान्यात आणि मग कागद-लेखनसाहित्याच्या दुकानात कामाला लागला. १८४४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने भागीदारीत स्वतःचे दुकान काढले. तिथे कागद, रंग विकले जात आणि चित्रांना चौकटी करून मिळत.

५/ त्या काळी निसर्गचित्रणासाठी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या चित्रकारांना अशा दुकानाची गरज पडेच. त्यांची चित्रे बूदँच्या दुकानात मांडली जात. पुढे शेतकऱ्यांचा चित्रकार म्हणून ख्यातकीर्त झालेला मिले त्या सुमारास ल हाव्रमध्ये व्यक्तिचित्रे करून पोट भरत होता. बूदँने आपली रेखाटने त्याला दाखवली व त्याचे मार्गदर्शन मिळवले. या व्यवसायातील हालअपेष्टा बूदँला समोर दिसत होत्या. तरीही दोनएक वर्षांतच त्याने दुकान सोडले आणि चित्रकलेची वाट धरली.

६/ १८५१ मध्ये ल हाव्रच्या नगरपालिकेने त्याला पॅरिसमध्ये शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. लूव्र संग्रहालयात त्याने जुन्या आचार्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. सतराव्या शतकातील डच सागरचित्रांचा त्याच्यावर खोल संस्कार झाला. त्या चित्रांत जमीन तळाशी एक पट्टी होऊन राहते आणि उरलेला सारा अवकाश आभाळाचा असतो. पण पॅरिसच्या चार भिंतींत त्याचे मन रमले नाही. तो वारंवार किनाऱ्याकडेच परतत राहिला.

७/ उघड्यावर बसून रंगवण्यास तंत्राचीही साथ मिळाली. पूर्वी तैलरंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरत. त्या गळत, फुटत, रंग वाळून जाई. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. रंग खिशात मावू लागले. पाठोपाठ लोहमार्ग आले. ल हाव्र १८४७ मध्ये पॅरिसशी जोडले गेले. चित्रकार आणि समुद्र यांच्यातील अंतर काही तासांवर आले.

८/ बूदँची कार्यपद्धती मात्र त्याची स्वतःची होती. तो पेस्टलने, म्हणजे रंगीत खडूंनी, आकाशाचे छोटे छोटे अभ्यास करी. असे शेकडो अभ्यास त्याने केले. अनेकांवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपलेली असे. निसर्गासमोर बसून मारलेल्या दोनचार फटकाऱ्यांना कार्यशाळेतील दिवसभराच्या कामापेक्षा अधिक मोल आहे, अशी त्याची धारणा होती.

९/ १८५९ च्या उन्हाळ्यात कवी बोदलेर ओंफ्लरमध्ये होता. त्याच्या आईचे घर तिथेच होते. बूदँच्या कार्यशाळेत त्याने हे पेस्टल पाहिले. त्या वर्षीच्या सलाँ या शासकीय कलाप्रदर्शनात बूदँचे चित्र प्रथमच लागले होते. बोदलेरने त्या प्रदर्शनावरील समीक्षेत आवर्जून या अभ्यासांची दखल घेतली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कागदावरील टीप हाताने झाकली, तरी ऋतू कोणता, प्रहर कोणता आणि वारा कुठला हे केवळ चित्रावरून सांगता यावे.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य थबकवते. ज्या कागदावर दिनांक, वेळ आणि स्थळ आहे, त्याला आपण दस्तऐवज म्हणतो. ‘स्फूर्ती’ या शब्दाभोवती आपण गूढतेचे वलय उभे करतो. बूदँच्या बाबतीत स्फूर्तीचे स्वरूप एखाद्या रोजनिशीसारखे होते. रोज त्याच जागी जायचे, आज काय बदलले ते पाहायचे आणि नोंदवायचे. समुद्र त्याला पुरला, कारण तो दोनदा सारखा कधीच दिसत नाही.

११/ याच सुमारास ल हाव्रमध्ये एक किशोर शहरातील प्रतिष्ठितांची व्यंग्यचित्रे काढून बऱ्यापैकी पैसे मिळवत होता. ती एका चौकटीवाल्याच्या दुकानात, बूदँच्या चित्रांशेजारी लागत. त्या मुलाला बूदँची चित्रे मुळीच आवडत नसत. बूदँने मात्र त्याला हेरले आणि उघड्यावर रंगवण्यास सोबत येण्याचा आग्रह धरला. बरीच टाळाटाळ करून मुलगा एकदाचा गेला. त्याचे नाव क्लोद मोने. आपण चित्रकार झालो ते बूदँमुळे, असे मोनेने उतारवयात निःसंदिग्धपणे सांगितले.

१२/ आता किनाऱ्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रज वैद्य समुद्रस्नान हे औषध म्हणून सुचवू लागले होते. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात राजघराण्यातील बेरीच्या डचेसने दिएप येथील समुद्रस्नानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात त्याचा सावत्र भाऊ, ड्यूक ऑफ मॉर्नी, याने त्रुव्हील या मच्छीमार गावाच्या शेजारी, तूक नदीपलीकडच्या दलदलीत, दोव्हील हे नवे विहारनगर वसवण्यास पुढाकार घेतला. १८६३ मध्ये पॅरिसची आगगाडी थेट तिथवर पोहोचली.

१३/ पॅरिसचे धनिक त्रुव्हीलच्या वाळूवर अवतरले आणि बूदँने त्यांना रंगवायला घेतले. ही चित्रे बहुधा लहान, आडवी, लाकडी फळीवर केलेली. तळाशी वाळूचा पट्टा, त्यावर घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया, काळ्या कोटांतील पुरुष, खुर्च्या, छत्र्या, कुत्री आणि स्नानासाठी पाण्यापर्यंत ओढत नेण्याच्या चाकांच्या खोल्या. चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग आभाळाने व्यापलेला. या स्त्रीपुरुषांना नाकडोळे जवळजवळ नाहीतच. आहेत ते वाऱ्याने फुगलेले कापड आणि त्यावर पडलेले ऊन.

१४/ १८६३ मधील एका चित्रात खुद्द सम्राज्ञी यूजेनी आपल्या परिवारासह त्रुव्हीलच्या किनाऱ्यावर आहे. हे चित्र आज ग्लासगो येथील बरेल संग्रहात आहे. साम्राज्याची सम्राज्ञी चित्रात आहे आणि तरीही चित्राचा नायक ढगाळलेले आकाश आहे, असे दरबारी चित्रकाराला परवडले नसते. बूदँला परवडले, कारण तिथे तो दरबारासाठी गेलेला नव्हता.

१५/ पण खलाशाच्या मुलाच्या मनात या किनाऱ्याविषयी सल होता. त्याची पत्नी मारी-आन ही ब्रिटनी प्रांतातली. १८६३ मध्ये त्यांचा विवाह झाला. ब्रिटनी हा फ्रान्सचा गरीब, कष्टाळू मुलूख. १८६७ मध्ये तेथील कष्टकऱ्यांमध्ये काही काळ घालवून तो त्रुव्हीलला परतला, तेव्हा ऑगस्टमध्ये मार्तँ या स्नेह्याला त्याने पत्र लिहिले. ज्या किनाऱ्याने पूर्वी मोहून टाकले होते, तो आता त्याला सोंगांची जत्रा वाटत होता. काळ्या भाकरीवर राबणाऱ्या माणसांना पाहून आल्यानंतर या ऐटबाज रिकामटेकड्यांना रंगवण्याची लाज वाटते, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे.

१६/ त्याच पत्रात तो स्वतःची समजूतही घालतो: प्रकाश विधात्याने सर्वत्र सारखाच पसरला आहे, आणि आपण रंगवतो ते या लोकांपेक्षा त्यांना वेढून असलेले ते तत्त्व. पुढील वर्षी याच स्नेह्याला तो वेगळी बाजू लिहितो. शेतकऱ्यांना आपले चित्रकार लाभले, ते योग्यच झाले. पण संध्याकाळी धक्क्यावर सूर्यास्ताकडे चालत जाणाऱ्या मध्यमवर्गीयांना चित्रात येण्याचा हक्क नाही काय? तेही कचेरीतील काम संपवूनच आलेले असतात.

१७/ या दोन पत्रांत विसंगती शोधणे सोपे आहे. मला त्यांत एका संक्रमणकाळाचा प्रामाणिक पुरावा दिसतो. ज्याचे आईबाप बोटीवर राबले, तोच माणूस बोटीकडे गंमत म्हणून पाहणाऱ्यांना चित्रे विकत होता. त्याचे पोट त्या नव्या किनाऱ्यावर अवलंबून होते आणि स्मृती जुन्या किनाऱ्याशी बांधलेली होती. कोणत्याही एका बाजूला निकाल देणे त्याला जमले नाही. बहुधा ते शक्यही नव्हते.

१८/ त्याने उत्तर दिले ते कामातून. १८७० नंतर विहारी लोकांची चित्रे कमी कमी होत गेली. उत्तरेकडील बेर्कच्या वाळूवर होड्यांची वाट पाहत बसलेल्या मच्छीमार स्त्रिया, त्रुव्हीलचा मासळीबाजार, बंदरात नांगरलेली गलबते हे विषय वाढले. तूक नदीच्या काठी गुडघे टेकून कपडे धुणाऱ्या स्त्रियांची तर त्याने एक मालिकाच केली. नदी तीच, जिच्या एका तीरावर त्रुव्हील आणि दुसऱ्या तीरावर दोव्हील. त्या ज्या आभाळाखाली ओणवल्या आहेत, तेही सम्राज्ञीच्याच चित्रातले.

१९/ १८७४ मध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत तरुण चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मोनेचे ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र त्यात होते. त्याच्या नावातील ‘इंप्रेशन’ या शब्दावरून या मंडळींना चेष्टेने ‘इंप्रेशनिस्ट’ म्हटले गेले. पन्नाशीला आलेल्या बूदँचीही चित्रे तिथे होती. पुढील प्रदर्शनांत तो सामील झाला नाही. शासकीय सलाँकडेच त्याने चित्रे पाठवली. बंडखोरी त्याच्या स्वभावात नव्हती. बंडासाठी लागणारी दृष्टी मात्र त्याने आधीच दुसऱ्याच्या हाती सोपवली होती.

२०/ मान्यता उशिरा आली. १८८३ मध्ये द्यूराँ-र्‍युएल या प्रसिद्ध कलाव्यापाऱ्याने त्याचे मोठे एकल प्रदर्शन भरवले. पुढील वर्षी त्याने दोव्हीलमध्ये घर बांधले. १८८९ च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी मारी-आनचे निधन झाले. १८९२ मध्ये लिजन ऑफ ऑनर हा किताब लाभला. उतारवयात तो व्हेनिस आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरही जाऊन रंगवत राहिला. अखेरच्या आजारपणात तो दोव्हीलच्या घरी परतला आणि ८ ऑगस्ट १८९८ रोजी समुद्राच्या सान्निध्यात वारला.

२१/ त्याच्या मृत्यूनंतर भाऊ लुई याने कार्यशाळेतील दोनशेहून अधिक अभ्यासचित्रे ल हाव्रच्या संग्रहालयाला दिली. त्याचाही एक अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मध्ये, ल हाव्र शहराचा मध्यभाग बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाला. बूदँने जे बंदर पाहिले त्यातील बरेचसे आता फक्त चित्रांत उरले आहे. ओंफ्लरमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

२२/ कलेच्या इतिहासात बूदँची ओळख बहुधा एका ओळीत आटोपते: ‘मोनेचा गुरू’. ती खरी आहे, पण अपुरी आहे. किनारा हा राबणाऱ्यांचा की विहरणाऱ्यांचा, हा प्रश्न त्याने घोषणेतून मांडला नाही. दोघांनाही त्याने त्याच वाळूवर, त्याच वाऱ्यात उभे केले आणि वर आभाळ मोठे ठेवले. शिवाय कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली. आपल्यासारख्या पुढच्या काळातील वाचकांसाठी ती नोंद पुरेशी आहे: किनारा असा दिसत होता, ही माणसे तिथे होती, आणि वारा वायव्येकडून वाहत होता.

धागा समाप्त. बूदँची चित्रे पाहताना आधी तळाची वाळूची पट्टी नीट न्याहाळावी, मग सावकाश वर जावे. आपल्याला त्यात काय दिसले, ते अवश्य लिहावे.