डफरीन आणि इर्विन : वऱ्हाडी स्त्रीच्या दृष्टीचा इतिहास

अमरावतीतील दोन सरकारी दवाखाने लोकांच्या बोलण्यात अजूनही इंग्रजी अमदानीच्या नावांनीच ओळखले जातात; बाळंतपणासाठी ‘डफरीन’ आणि मोतीबिंदूसह इतर दुखण्यांसाठी ‘इर्विन’. अकोल्यातही स्त्रियांचा दवाखाना ‘लेडी हार्डिंग’ याच नावाने राहिला. भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून लेडी डफरीन यांनी 1885 मध्ये निधी उभारला, आणि त्या चळवळीतून देशभर निघालेल्या जनाना दवाखान्यांनी बाळंतिणींचे प्राण वाचवले, हे त्यांचे श्रेय मोठेच आहे. मात्र या रचनेत स्त्रीचे आरोग्य म्हणजे तिचे गर्भाशय, असा अर्थ नकळत रुजला. पाळी गेली की स्त्री त्या दवाखान्याच्या कक्षेबाहेर पडे, आणि पुढे काही वर्षांनी दिसेनासे झाले की ‘वय झालं’ एवढ्या निदानावर घरात बसून राही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हा प्रश्न विचारायला त्या विभागणीत जागाच नव्हती.

वऱ्हाडात म्हातारपणाचे अंधत्व म्हणजे मुख्यतः मोतीबिंदू, अर्थात डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होणे. सुश्रुतसंहितेत याला ‘लिंगनाश’ म्हटले असून शलाकेने दोष बाजूला सारण्याची कृती सांगितली आहे. सळईने भिंग खाली पाडणारे फिरते वैद्य विसाव्या शतकाच्या आरंभीही देशभर होते. दवाखान्यातली शस्त्रक्रिया रुळल्यावरही मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहावी लागे, आणि कृत्रिम भिंग सर्रास बसू लागण्यापूर्वी जाड काचेचा चष्मा लावावा लागे. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याच्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राचाही समावेश झाला. मोतीबिंदूच्या कारणांत मात्र वऱ्हाडी घरातील चुलीचा उल्लेख टाळता येत नाही. कापसाच्या या मुलखात वेचणी संपली की वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, सरपण म्हणून घरी येत आणि त्यांच्या धुरात स्वयंपाक करणारी बाईच दिवसभर उन्हात कापूस वेची. लाकूडफाट्याचा धूर आणि प्रखर ऊन या दोहोंचा मोतीबिंदूशी संबंध अभ्यासांतून दिसून आला आहे.

धूर आणि ऊन यांवर मात्र सारे भागत नाही, कारण अनेक देशांतील पाहण्यांत मोतीबिंदू स्त्रियांमध्येच अधिक आढळला आहे. येथे इस्ट्रोजेनचा, म्हणजे मुख्यतः बीजकोशात तयार होणाऱ्या स्त्री-संप्रेरकाचा, विषय येतो. अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी 1923 मध्ये बीजकोशातील या संप्रेरकाचा माग काढला, तेव्हा त्याचे काम मुख्यतः प्रजननाशी जोडले गेले. पुढे त्याचे ग्राहक, म्हणजे संप्रेरकाचा संदेश पकडणारी पेशीतील प्रथिने, डोळ्याच्या भिंगातही सापडली आणि दृष्टिपटलातही, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरील प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातही. प्रयोगशाळेत इस्ट्रोजेनने दृष्टिपटलाच्या पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी कमी केल्याचे दिसले. उलट, स्तनाच्या कर्करोगावर इस्ट्रोजेन अडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनने काही रुग्णांचे दृष्टिपटल बिघडल्याची नोंद 1978 मध्ये झाली.

वऱ्हाडासाठी सर्वांत मोलाची नोंद नेदरलँड्समधील रॉटरडॅमची आहे. तेथील 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बीजकोश काढल्यामुळे लवकर पाळी गेलेल्या स्त्रियांत पीतबिंदूची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावरील बारीक दिसण्याच्या जागेची, झीज अधिक आढळली. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी जाते. त्यात खेड्यापाड्यांत ‘पिशवी काढणे’, म्हणजे शस्त्रक्रियेने गर्भाशय काढणे, अंगवळणी पडले असून पिशवीबरोबर बीजकोशही निघाले की ते वय आणखी अलीकडे येते. म्हणून संप्रेरकाच्या गोळ्या देऊन डोळे राखावेत, असे मात्र ठरत नाही. अशा गोळ्यांच्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा संयुक्त-संप्रेरक भाग स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढल्याने 2002 मध्ये थांबवावा लागला, आणि त्यातील स्त्रियांच्या डोळ्यांच्या तपासणीत पीतबिंदूची झीज एकंदरीत टळल्याचे दिसले नाही. वऱ्हाडातील दवाखान्यांपुरते पाहिले तर मागणी साधी आहे: इर्विनमध्ये डोळे दाखवायला आलेल्या बाईच्या केसपेपरवर तिची पाळी कोणत्या वयात गेली आणि पिशवीबरोबर बीजकोशही निघाले का, या दोन ओळी लिहिल्या जाव्यात.