अपघाताचा पंचनामा आणि चालकाची बाजू

सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा गुन्हा ठरवणारे २७९ वे कलम १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आले तेव्हा देशात मोटार नव्हती. टांगेवाला आणि घोडेस्वार यांच्या काळातील त्या कलमाला १८७० मध्ये हयगयीने मृत्यू घडवण्याच्या ३०४-अ कलमाची जोड मिळाली, आणि पुढे १९१४ व १९३९ च्या मोटार कायद्यांनी परवाना व नोंदणीची व्यवस्था लावली, तरी चालकावरचा मुख्य आरोप याच जुन्या कलमांखाली नोंदवला जात राहिला.

महाराष्ट्रातील फिर्यादीत हा आरोप ठरावीक साच्यात उतरतो: चालकाने वाहन भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. फिर्याद नोंदवणाऱ्या अंमलदाराने अपघात पाहिलेला नसतो, फिर्यादीनेही पुष्कळदा धडकेनंतरच मान वळवलेली असते. त्यामुळे निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिला जातो, आणि चालकाचा आक्षेप बहुधा याच वाक्याला असतो. कर्नाटकातील एका मालट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, वेग जास्त होता एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही, असे म्हणून चालकाची निर्दोष मुक्तता कायम ठेवली.

घटनास्थळ पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष लिहिलेले जागेचे वर्णन, हा वेगळ्या जातीचा कागद आहे. त्यात चतुःसीमा, डांबरी रस्त्याची रुंदी, साइडपट्टी, ब्रेकच्या खुणांची लांबी, काचांचे तुकडे कोणत्या बाजूला पडले आहेत हे येते आणि सोबत कच्चा नकाशा जोडतात. चुका येथेही होतात, कारण वाहतूक खोळंबू नये म्हणून वाहने आधीच कडेला घेतलेली असतात, आणि पंच म्हणून बोलावलेला जवळचा टपरीवाला तयार मजकुरावर सही करून मोकळा होतो. पण चुकीचे माप पुन्हा मोजून खोडता येते, तसे विशेषण खोडता येत नाही. म्हणून जाणता वकील आधी नकाशा उघडतो आणि काचा व ब्रेकच्या खुणा रस्त्याच्या ज्या बाजूला दाखवल्या आहेत, ती फिर्यादीतील हकिकतीशी जुळते का ते पाहतो.

फौजदारी कायद्याने पोलिसांच्या लेखणीवर कधीच पुरता विश्वास टाकला नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने ठरवले. तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही आणि तो मुख्यतः साक्षीदाराच्या सांगण्यातील विसंगती दाखवण्यापुरता वापरायचा, हा दंडक फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६२ व्या कलमात होता. पंचनामाही साक्षीतून सिद्ध व्हावा लागतो, आणि उलटतपासणीत तो टिकेलच असे नाही.

ही सावधगिरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे १९५६ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईसाठी निर्माण केलेल्या स्वतंत्र मंचात, पातळ झाली. जखमींना दिवाणी दाव्याच्या दगदगीतून सोडवण्याचा हेतू रास्तच होता, मात्र तेथे संशयापलीकडील पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे जिकडे झुकेल तिकडे निर्णय जातो. परिणामी फौजदारी न्यायालयात सुटलेला चालक येथे हयगयीचा धनी ठरू शकतो, आणि पोलिसी कागदातील जी चूक तिकडे निरुपद्रवी ठरली ती इकडे त्याला किंवा विमा कंपनीला महागात पडते. चालकाने स्वतः साक्षीला उभे राहणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि पुष्कळ चालक नेमके तेच टाळतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवावा लागतो, आणि चालकाने स्वतः भरून द्यायचा नमुनाही तपासाच्या कागदांत समाविष्ट झाला आहे.