खांदेरीचा फासा

ऐनवेळी फासा टाकून कथेला वळण देणारा भूमिकाखेळांचा सूत्रधार हा प्रशियन युद्धखेळातील पंचाचा वंशज. 1824 मध्ये राइसविट्झने त्या पंचाच्या हाती फासे दिले. प्रसंगांचा तक्ता मात्र मी थळच्या किनाऱ्यासमोरून उचलतो.

1679 च्या पावसाळ्यात मराठ्यांनी खांदेरीवर तटबंदी आरंभली. इंग्रजांनी नाकेबंदी केली. तरी उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान होड्या रात्री रसद पोहोचवीत. 18 ऑक्टोबरच्या लढाईत ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती पडले. पुढे सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले.

माझ्या तक्त्यात म्हणून सहाच नोंदी: वारा पडला, ओहोटी लागली, रसद आली, तटाचे काम अडले, इंग्रज सरसावले, सिद्दी आला. सहावी सर्वांत अवघड, कारण खांदेरी सिद्दीलाही हवी होती. तो आला की इंग्रजांनाही हायसे वाटत नाही.