दोन खुनांमधले दिवस

1976 च्या डिसेंबरात एरंडवण्यातल्या आणि कोथरुडातल्या लोकांनी दारांना साखळ्या बसवून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच आमच्या वडिलांच्या हातच्या. आम्ही मुळशीतल्या भरे गावचे सुतार. घोटवडे फाटा, पिरंगुट, भुकूम, भूगाव करत वडील पौड रस्त्याने पुण्यात कामाला जात. शाळेला सुट्टी असली की हत्यारांची पिशवी धरायला मी बरोबर असे.

साखळी बसवायची तर आधी चौकट बोटाने ठोकून बघायची. सागवान असलं तर स्क्रू धरतो, देवदार असलं तर लांब स्क्रू घ्यावा लागतो, नाहीतर एका धक्क्यात सगळं हातात येतं. दार चार बोटं उघडावं एवढीच साखळी सैल ठेवायची, म्हणजे बाहेरचा चेहरा दिसतो आणि हात आत येत नाही. एका आजींनी "मिस्त्री, तीनच बोटं ठेवा," असं सांगितलेलं मला पक्कं आठवतं. तोवर त्या भागात दिवसा दार नुसतं लोटलेलं असायचं. दूधवाला, पेपरवाला, शेजारची पोरं, सगळे हाक मारत आत शिरायचे. ही रीत त्या हिवाळ्यात मोडली. संध्याकाळी सातच्या आत पुण्याचे रस्ते ओस पडू लागले.

1 डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात पाच जणांचे गळे आवळले गेले. घरातले कर्ते काशिनाथशास्त्री अभ्यंकर 88 वर्षांचे होते. संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे, 'परिभाषासंग्रहा'चं संपादन करणारे हे पंडित. त्यांच्यासोबत त्यांची पत्नी, दोन तरुण नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाईही गेल्या. मारेकरी दार फोडून आले नव्हते. त्यांनी घंटा वाजवली, आणि नेहमीसारखं कुणीतरी दार उघडलं. जोशी-अभ्यंकर खून खटल्यातली ही बाब पुण्याच्या सर्वांत जिव्हारी लागली.

त्याआधी महिनाभर, 31 ऑक्टोबरला, विजयानगर कॉलनीत जोशी पती-पत्नी आणि त्यांचा मुलगा मारले गेले होते. मध्ये 22 नोव्हेंबरला शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यात असाच प्रयत्न झाला. तिथल्या बाई आणि त्यांचे दोन नोकर झुंजले, म्हणून हल्लेखोरांना कुंपणावरून पळावं लागलं. पण या मालिकेची सुरुवात त्याच्याही आधीची होती आणि ती शहराला माहीतच नव्हती. 16 जानेवारी 1976 ला अभिनव कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या टोळीने आपलाच वर्गमित्र प्रकाश हेगडे याला कर्वे रस्त्यावरच्या शेडमध्ये नेलं. घर सोडून चाललो आहे, अशी चिठ्ठी त्याच्याच हाताने लिहून घेतली. मग गळा आवळून त्याला लोखंडी पिंपात घातलं आणि ते पिंप पेशवे पार्कच्या तळ्यात सोडलं. घरच्यांच्या हाती चिठ्ठी होती, प्रेत कुठेच नव्हतं.

मला जे म्हणायचं आहे ते या चिठ्ठीशी येऊन थांबतं. पण तिथे पोचण्याआधी एक भेद पाहायला हवा. हल्ली बातम्यांत एकाहून जास्त माणसं मारली की सरसकट 'सिरियल किलर' म्हणून मोकळे होतात. मालिका आणि हत्याकांड यांतला भेद नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने 2005 मध्ये सान अँटोनिओला तज्ज्ञांची परिषद भरवली. त्यातून पुढे आलेली व्याख्या साधी आहे: वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक खून केले तर ती खुनांची मालिका, आणि एकाच प्रसंगात चार किंवा अधिक माणसं मारली तर ते सामूहिक हत्याकांड. सगळा फरक मधल्या काळाचा. त्या काळात खुनी घरी जेवतो, वर्गात बसतो, चहा पितो, आणि पुढचं घर हेरतो. आपल्या कायद्यात असे दोन रकाने नाहीत. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 302 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 103 आहे. कलम तेच, मारण्याची तऱ्हा कोणतीही असो.

त्या टोळीतल्या जक्कल, सुतार, जगताप आणि शाह या चौघांचा गुन्हा एका चौकटीत बसत नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. अभ्यंकरांच्या घरापुरतं पाहिलं तर ते हत्याकांड, आणि चौदा महिन्यांचा हिशेब मांडला तर मालिका. शहराची भीती मात्र मालिकेची होती: पुढचं दार कुणाचं? 23 मार्च 1977 ला दुसऱ्या एका वर्गमित्राच्या धाकट्या भावाचा खून झाला. प्रेत शिडीला बांधून नदीत टाकलेलं, पण ते वर आलं. त्या तपासात जबान्या जुळेनात, आणि आठवड्याच्या आत टोळी पकडली गेली. एकूण दहा खून. टोळीतलाच सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. 28 सप्टेंबर 1978 ला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं.

याउलट, पौड फाट्याजवळ 26 ऑगस्ट 1994 ला राठी कुटुंबाच्या घरातल्या पाच बायका आणि दोन मुलांचा खून झाला. एका दुपारी सगळं संपलं. तिथे साखळीचा काही उपयोग नव्हता, कारण मारणाऱ्यांतला एकजण कुटुंबाच्या दुकानात काम केलेला, ओळखीचा होता. सात जणांचा बळी घेणारी ही घटना भयंकरच, पण तिच्यानंतर शहर रात्रीची वाट पाहत बसलं नाही. 25 जानेवारी 2012 च्या सकाळी एसटीचा चालक संतोष माने याने स्वारगेट डेपोतून बस काढली आणि रस्त्यावरच्या माणसांवर घातली. नऊ जण गेले. दुपारी रस्ते पुन्हा वाहते झाले होते. अशा वेळी थांबवायला हातात मिनिटं असतात, आणि कुणी धाडसी असेल तरच ती कामी येतात.

ज्यांना दारच नाही त्यांचं काय, हे रामन राघवने दाखवलं. 1965-66 आणि 1968 मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि उघड्यावर निजलेल्या गरिबांची डोकी तो रात्री फोडत असे. त्याच्या दोन फेऱ्यांमधला काळ वाया गेला नव्हता. पहिल्या वेळी तो पोलिसांच्या हाती लागला होता, पुराव्याअभावी सुटला, पण त्याची नोंद आणि छायाचित्र राहिलं. 27 ऑगस्ट 1968 ला अॅलेक्स फियालो या फौजदाराने त्याला त्यावरूनच ओळखून पकडलं. फाशीची पुढे जन्मठेप झाली, तो येरवड्यात राहिला आणि 1995 मध्ये ससून रुग्णालयात वारला.

मालिकेत मधला काळ तपासाच्या हाती असतो, म्हणून मला दाराच्या साखळीपेक्षा पोलीस ठाण्यातली हरवल्याची नोंद जास्त महत्त्वाची वाटते. कारागिराच्या पोराने असं म्हणावं याचं कुणाला नवल वाटेल, पण साखळी एका घरापुरती असते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की गुन्हा नोंदवूनच तपास करायचा, असा आदेश दिला. घर सोडल्याची चिठ्ठी ठेवून गेलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या सज्ञान मुलाची नोंद मात्र अजून 'मिसिंग'च्या रजिस्टरातच होते.